होनोलुलूत अडकलेली 'गायर': एका जर्मन क्रूझरचं प्रकरण

१५ ऑक्टोबर १९१४ रोजी हवाई बेटांवरच्या होनोलुलू बंदरात एक जुनाट जर्मन युद्धनौका शिरली. नाव 'गायर'. पहिलं महायुद्ध सुरू होऊन अडीच महिने झाले होते, अमेरिका अजून तटस्थ होती आणि जहाजाला दोन गोष्टी हव्या होत्या: कोळसा आणि बॉयलरची दुरुस्ती. थोड्याच दिवसांत शत्रुपक्षातल्या जपानची 'हिझेन' ही युद्धनौका आणि 'असामा' ही चिलखती क्रूझर बंदराबाहेर येऊन वाट बघत घिरट्या घालू लागल्या. कप्तान ग्रासहोफ यांच्यासमोरचा पेच सरळ होता. बाहेर पडलं तर काही तासांत बुडणार. आत राहिलं तर शस्त्रं खाली ठेवून युद्ध संपेपर्यंत परक्या बंदरात बसून राहावं लागणार.

ही वेळ का आली, हे समजून घ्यायचं तर जहाजाची आधीची वीस वर्षं बघावी लागतात. त्या काळातली जर्मन क्रूझर म्हटलं की आपल्याकडे 'एमडन' आठवते, कारण तिने २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री मद्रासवर तोफा डागल्या आणि बंदरातल्या तेलाच्या टाक्या पेटवल्या. पण 'एमडन' हा अपवाद होता. परदेशी पाण्यात फिरणाऱ्या जर्मन जहाजांचं नेहमीचं आयुष्य कसं होतं आणि युद्ध लागल्यावर त्याचं काय झालं, हे 'गायर'वरून जास्त नीट कळतं. तिची गोष्ट तोफांपेक्षा कोळशाची आणि तटस्थतेच्या नियमांची आहे.

बांधणी कशासाठी?

'बुसार्ड' वर्गातल्या सहा क्रूझर्सपैकी 'गायर' शेवटची. सगळ्यांना पक्ष्यांची नावं: बुसार्ड, फाल्के, झेआडलर, कोंडोर, कोर्मोरान आणि गायर. विल्हेल्म्सहाफेनच्या सरकारी गोदीत ती बांधली गेली, १८ ऑक्टोबर १८९४ ला पाण्यात उतरली आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरात नौदलात दाखल झाली. लांबी साधारण ८४ मीटर, पूर्ण भार धरून वजन दोन हजार टनांच्या आत, १०.५ सेंटिमीटरच्या आठ तोफा, दोन टॉर्पेडो नळ्या आणि जेमतेम दीडशे-एकशे साठ माणसं. वेग साडेपंधरा नॉट, म्हणजे तासाला तितके सागरी मैल. चिलखत नाही.

आकडे वाचून हे जहाज लढाईसाठी कमकुवत वाटतं, आणि ते होतंही. पण जर्मन नौदलाने ते दुसऱ्या जर्मन जहाजाशेजारी रांगेत उभं राहून लढायला बांधलंच नव्हतं. १८८४ नंतर जर्मनीने आफ्रिकेत आणि पॅसिफिकमध्ये वसाहती घेतल्या. तिथे कुठे बंड झालं, कुठल्या जर्मन व्यापाऱ्याला कुणी पकडलं, एखाद्या छोट्या देशाच्या सरकारला धाक दाखवायचा झाला, की झेंडा घेऊन जाणारं जहाज हवं असायचं. ते स्वस्त हवं, महिनोन्‌महिने घरापासून दूर राहणारं हवं, आणि गोदी नसलेल्या भागात टिकणारं हवं.

या शेवटच्या अटीचा परिणाम जहाजाच्या बांधणीत स्पष्ट दिसतो. उष्ण समुद्रात जहाजाच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले फार भराभर चिकटतात. बूड खरखरीत झालं की वेग घटतो आणि तेवढंच अंतर कापायला कोळसा जास्त लागतो. तांब्याच्या मिश्रधातूचा पत्रा लावला तर हे जीव चिकटत नाहीत. पण तो थेट पोलादावर लावला तर खाऱ्या पाण्यात पोलाद झपाट्याने गंजतं. म्हणून पोलादी सांगाड्यावर आधी लाकडाचा थर आणि त्यावर धातूचा पत्रा, अशी रचना होती. शिवाय डोलकाठ्या आणि शिडंही होती. इंजिनाच्या जमान्यात शिडं कशाला, असं वाटेल. पण वारा फुकट होता आणि कोळसा नव्हता. नऊ नॉटच्या संथ चालीने एका भरण्यात साधारण साडेतीन हजार सागरी मैल, एवढी तिची धाव. पॅसिफिकच्या नकाशावर हे अंतर मोजून बघितलं तर शिडांचं कारण पटतं.

१८९८: दुसऱ्यांचं युद्ध बघणारी

पहिली मोठी कामगिरी मिळाली ती हैतीची. एमिल ल्यूडर्स नावाच्या, वडिलांकडून जर्मन असलेल्या माणसाला तिथे कैद झाली होती. जर्मनीने 'शार्लोट' आणि 'श्टाइन' ही दोन प्रशिक्षण जहाजं पाठवली आणि ६ डिसेंबर १८९७ ला पोर्तोप्रान्सच्या बंदरात निर्वाणीचा खलिता दिला. हैतीने पैसे भरले आणि माफी मागितली. 'गायर' कीलहून निघाली ती त्यानंतर, म्हणजे प्रकरण मिटल्यावर. उशिरा पोहोचण्याची ही सवय तिला पुढेही सुटली नाही.

पण कॅरिबियन समुद्रात आल्यामुळे तिला वेगळंच काम मिळालं. एप्रिल १८९८ मध्ये अमेरिका आणि स्पेनचं युद्ध पेटलं आणि अमेरिकन नौदलाने क्यूबाच्या बंदरांची नाकेबंदी केली. जर्मनी तटस्थ. कप्तान हेर्मान याकोबसेन यांच्या हाताखाली 'गायर' या नाकेबंदीतून रीतसर परवानगी घेऊन आत-बाहेर करत राहिली. हवाना, सांतियागो, पोर्तो रिकोचं सान हुआन. स्पॅनिश अधिकाऱ्यांशी बोलणं, किल्ल्यांची स्थिती पाहणं, युद्धात अडकलेल्या नागरिकांना बाहेर काढणं, असं ते काम.

त्याच उन्हाळ्यात फिलिपिन्समध्ये, मनिलाच्या उपसागरात, ॲडमिरल फॉन डीडरिख्स यांच्या जर्मन ताफ्याचे आणि अमेरिकन रिअर ॲडमिरल ड्यूईचे खटके उडत होते. जर्मन जहाजं नाकेबंदीचे नियम पाळत नाहीत, असा ड्यूईचा आक्षेप होता. ताफा लहान नव्हता, आणि स्पेन हरला तर बेटांवर जर्मनीचा डोळा आहे हा संशय अगदीच निराधार नव्हता. क्यूबात मात्र एकटी, छोटी 'गायर' कुणाला खुपली नाही. इतक्या लहान जहाजाची भीती बाळगायचं कुणाला कारण नव्हतं, आणि निरीक्षकाला नेमकं हेच लागतं.

३ जुलै १८९८ ला सांतियागोबाहेर स्पॅनिश ॲडमिरल सेर्वेरा यांच्या चारही चिलखती क्रूझर आणि दोन्ही विनाशिका एका सकाळीत संपल्या. याकोबसेन यांनी या युद्धावर जर्मन नौदलाच्या मासिकात जे लिहिलं, त्याचं इंग्रजी भाषांतर अमेरिकन नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाने १८९९ मध्ये छापलं. जिंकलेल्या बाजूला तटस्थाचं टिपण इतकं मोलाचं वाटावं, यातच त्याचा दर्जा कळतो. स्पॅनिश जहाजांवरच्या लाकडी सामानाने पेट घेतला आणि आगीने माणसांना तोफांपासून हटवलं, हा त्यातला एक ठळक मुद्दा. नौदलासाठी 'गायर'ने केलेलं सगळ्यात उपयोगाचं काम हेच, असं माझं मत आहे, आणि त्यासाठी तिला एकही गोळा उडवावा लागला नाही.

मधली वर्षं

त्यानंतर दक्षिण अमेरिकेला वळसा घालून ती पॅसिफिक किनाऱ्यावर आली. १९०० च्या जुलैमध्ये, परकीयांविरुद्ध उसळलेल्या बॉक्सर बंडामुळे, तिला चीनला जायचा हुकूम आला. ऑगस्टच्या अखेरीस ती चीनच्या किनाऱ्यावर पोहोचली, तेव्हा बीजिंगमधल्या वकिलातींचा वेढा उठून दोन आठवडे झाले होते. पूर्व आशियात काही वर्षं काढून १९०५ मध्ये ती घरी परतली आणि मोठ्या दुरुस्तीसाठी गोदीत गेली.

पुन्हा बाहेर पडली ती १९११ मध्ये, पूर्व आफ्रिकेच्या तळासाठी. सप्टेंबरात इटलीने तुर्कस्तानवर युद्ध पुकारलं आणि तिला भूमध्य समुद्रात बोलावून घेण्यात आलं. त्यामागोमाग बाल्कन युद्धं. पुन्हा दुसऱ्यांची भांडणं, पुन्हा जर्मन नागरिकांची आणि मालमत्तेची राखण. यात सांगण्यासारखं फारसं नाही. सांगण्यासारखं एवढंच की या काळात नौदलं पार बदलली. कोळसा जाळून चोवीस नॉट पळणाऱ्या 'क्योनिग्सबर्ग'सारख्या नव्या क्रूझर आल्या होत्या. १९१४ च्या जूनमध्ये 'क्योनिग्सबर्ग' पूर्व आफ्रिकेतल्या दार-ए-सलामला आली आणि 'गायर'ची तिथली पाळी संपली. हुकूम मिळाला पॅसिफिकमधल्या जर्मन बेटांकडे जाण्याचा.

शांततेच्या काळात ही बदली अगदी रुटीन होती. वीस वर्षांचं जहाज, बेटांवरचं निवांत काम. पण ते जुलैच्या अखेरीस सिंगापूरला होतं, आणि सिंगापूर ब्रिटिशांचं होतं.

जाळ्यातून निसटणं

युद्धाच्या आधी काही दिवस 'गायर' सिंगापुरातून निघाली. हा निर्णय अचूक होता. आणखी आठवडाभर थांबली असती तर तिचं प्रकरण तिथेच आटोपलं असतं. डच ईस्ट इंडीजमधून वाट काढत ती पूर्वेकडे सरकली. ऑगस्टमध्ये पलाऊ बेटांच्या परिसरात तिची आणि 'एमडन'ची गाठ पडली. एक जहाज बंगालच्या उपसागराकडे, मद्रासच्या दिशेने निघालेलं, आणि दुसरं पॅसिफिकमधल्या जर्मन ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल श्पे यांना गाठायच्या धडपडीत. दोघांच्या तोफांचा व्यास एकच, १०.५ सेंटिमीटर. फरक आठ नॉटचा होता, आणि त्या आठ नॉटांवर सगळं ठरलं.

कोळशाच्या जहाजावर छापा घालायचा तर आधी ते गाठावं लागतं. साडेपंधरा नॉट हा नव्या जहाजाचा वेग होता. वीस वर्षांच्या बॉयलरांकडून तो मिळणं शक्य नव्हतं, त्यामुळे साधी मालवाहू बोटसुद्धा हातून निसटू शकत होती. आणि 'एमडन' पकडलेल्या ब्रिटिश जहाजांचा कोळसा वापरून दोन-तीन महिने फिरली, तो मार्ग 'गायर'ला बंद होता.

तिला मिळालेली एकमेव शिकार नांगरलेलीच होती. ४ सप्टेंबरला कॅरोलिन बेटांपैकी कुसाई इथे, म्हणजे आजच्या कोसराएला, 'साउथपोर्ट' हे ब्रिटिश मालवाहू जहाज उभं होतं. युद्ध लागल्याची वार्ताच तिथे पोहोचली नव्हती. जर्मनांनी ते ताब्यात घेतलं, इंजिन निकामी केलं आणि पुढे निघून गेले. ते का बुडवलं नाही, हा या प्रकरणातला विचार करण्याजोगा प्रश्न आहे. खलाशांना ठेवायचं कुठे, ही अडचण असेल. पण परिणाम व्हायचा तो झाला. 'साउथपोर्ट'च्या माणसांनी खटपट करून इंजिन पुन्हा चालतं केलं, ऑस्ट्रेलिया गाठला आणि 'गायर' कुठे आहे ते सांगितलं.

पुढे मार्शल बेटांतल्या माजुरोला ती थोडा वेळ थांबली. तोवर श्पे यांचा ताफा दक्षिण अमेरिकेच्या वाटेला लागला होता. तिकडे सामोआ २९ ऑगस्टला न्यूझीलंडच्या हाती गेलं होतं, न्यू गिनी सप्टेंबरात ऑस्ट्रेलियाच्या, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात जपानी नौदलाने मार्शल आणि कॅरोलिन बेटं एकामागून एक घेतली. चीनमधलं जर्मन बंदर त्सिंगताओ, त्यालाही वेढा पडला होता. ज्या बंदरांची राखण करायला 'गायर' बांधली, त्यांतलं एकही तिला आता उघडं नव्हतं. उरली अमेरिका. माजुरोहून होनोलुलू साधारण दोन हजार सागरी मैल.

तीन आठवडे

१९०७ च्या हेग कराराने तटस्थ बंदरांचे नियम घालून दिले होते. युद्धनौकेने तिथे एरवी चोवीस तासच थांबायचं. समुद्रात सुरक्षित जाता येईल एवढीच दुरुस्ती करायची, लढण्याची ताकद वाढेल अशी नाही. कोळसा घ्यायचा तो आपल्या देशाचं जवळचं बंदर गाठण्यापुरता. आणि निघायला हवं तेव्हा जहाज निघालं नाही, तर तटस्थ सरकारने ते अडकवून ठेवायचं.

या नियमांत 'गायर'साठी एक विचित्र फट होती. जवळचं जर्मन बंदर कोणतं? ऑक्टोबर १९१४ मध्ये पॅसिफिकमध्ये असं बंदरच नव्हतं. कागदावर कोळसा मिळण्याचा हक्क होता, पण तो घेऊन जायचं कुठे? नियम करणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं की लढणाऱ्या देशाला कुठे ना कुठे घर असणार.

अमेरिकेने दुरुस्तीला मुदत दिली. बाहेर 'हिझेन' आणि 'असामा' होत्याच. 'हिझेन'चा पूर्वेतिहास मजेदार आहे. ती मुळात 'रेत्विझान', फिलाडेल्फियात रशियासाठी बांधलेली, पोर्ट आर्थरला बुडालेली आणि जपान्यांनी वर काढून आपल्या ताफ्यात घेतलेली. बारा इंची चार तोफा, बारा हजार टनांवर वजन. 'गायर'च्या आठ तोफांनी तिच्या चिलखताचं काही वाकडं झालं नसतं.

१ नोव्हेंबरला चिलीजवळ कोरोनेल इथे श्पे यांनी ब्रिटिश ताफ्याचा पराभव केला. होनोलुलूतल्या जर्मनांना त्याने हुरूप आला असेल, पण त्यांची स्थिती त्याने बदलत नव्हती. ७ नोव्हेंबरला मुदत संपली. त्याच तारखेला त्सिंगताओ पडलं. ग्रासहोफ यांनी जहाज स्थानबद्ध होऊ दिलं. दोन दिवसांनी कोकोस बेटांजवळ 'एमडन'चा शेवट झाला.

ग्रासहोफ यांच्यावर कच खाल्ल्याचा ठपका ठेवणं सोपं आहे. मला तो पटत नाही. बाहेर पडून दीडशे माणसं मेली असती आणि जपान्यांना एक दुपार खर्ची पडली असती. आत राहून त्यांनी दोन मोठी शत्रुजहाजं मुदत संपेपर्यंत एका बंदराशी बांधून ठेवली, आणि हे त्या जुन्या बॉयलरांच्या मानाने बरंच होतं. डिसेंबरात अमेरिकेच्या ग्वाम बेटावर पोहोचलेल्या, 'कोर्मोरान' हेच नाव घेतलेल्या दुसऱ्या जर्मन जहाजाच्या कप्तानानेही अखेर हाच मार्ग पत्करला.

या प्रकरणातला कायद्याच्या दृष्टीने नवा भाग मात्र 'गायर'चा नाही, तिच्यासोबतच्या 'लॉकसुन'चा आहे. हे जर्मन व्यापारी जहाज. ऑगस्टमध्ये मनिलाहून कोळसा भरून, सेलेबीस बेटावरच्या मेनादोला जातो असं सांगून ते निघालं आणि तो कोळसा 'गायर'च्या पोटात गेला. व्यापारी जहाजाला स्थानबद्ध करायचा तसा प्रश्न येत नाही. पण अमेरिकन सरकारने म्हटलं की युद्धनौकेला कोळसा पुरवत तिच्यामागे फिरणारं जहाज हे तिचं सेवक-जहाज आहे, म्हणून जो नियम तिला तोच याला. जर्मनीने विरोध केला, निर्णय बदलला नाही.

धूर

दोन वर्षांहून जास्त काळ 'गायर' होनोलुलूत उभी होती. या काळातली हवाई वाटते तितकी निवांत नव्हती. १९१५ च्या जूनमध्ये गदर क्रांतिकारकांसाठी शस्त्रं न्यायला निघालेलं 'मॅव्हरिक' हे जहाज, शस्त्रं आणणाऱ्या दुसऱ्या जहाजाची भेट चुकल्यावर, हवाईच्याच हिलो बंदरात आलं होतं. होनोलुलूतले जर्मन वाणिज्यदूत गेओर्ग रोडीक यांनी पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या हिंदू-जर्मन कटाच्या खटल्यात गुन्हा कबूल केला. गदरच्याच उठावासाठी अमेरिकेहून परतलेले तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे १९१५ च्या नोव्हेंबरात लाहोरला फासावर गेले. एका गोदीत अडकलेल्या जहाजाच्या आजूबाजूने किती धागे जात होते, म्हणून हे आडवळण.

३ फेब्रुवारी १९१७ ला अमेरिकेने जर्मनीशी राजनैतिक संबंध तोडले. दुसऱ्याच दिवशी 'गायर'मधून धूर निघताना दिसला. जहाज अमेरिकनांच्या हाती धड अवस्थेत पडू नये म्हणून खलाशांनी आपल्याच यंत्रांची नासधूस सुरू केली होती. अमेरिकन सैनिक जहाजावर चढले, माणसं उतरवली गेली आणि तुरुंगवासाला गेली. ग्वामला 'कोर्मोरान'च्या माणसांनी एप्रिलमध्ये, युद्ध जाहीर झाल्याचं कळताच, जहाज स्फोटाने उडवून दिलं. ते बुडालं. 'गायर' मात्र दुरुस्त होण्याजोगी राहिली.

दुसरा झेंडा

जून १९१७ मध्ये अमेरिकन नौदलाने तिचं नाव 'शुर्ट्स' ठेवलं. नाव निवडणाऱ्याची नजर तिखट असावी. कार्ल शुर्ट्स हे कोलोनजवळ जन्मलेले, १८४८-४९ च्या क्रांतीत प्रशियाविरुद्ध लढलेले. रास्टाटच्या वेढ्यातून गटारातून निसटलेले, पुढे श्पांडाऊच्या तुरुंगातून आपल्या गुरूला सोडवणारे आणि अमेरिकेत जाऊन सेनापती, सिनेटर आणि मंत्री झालेले. कैसरच्या जहाजावर प्रशियाच्या बंडखोराचं नाव.

१५ सप्टेंबरला ती नव्या नौदलात रुजू झाली. ३१ ऑक्टोबरला पर्ल हार्बरहून 'के-३', 'के-४', 'के-७' आणि 'के-८' या चार पाणबुड्यांना सोबत करत निघाली, १२ नोव्हेंबरला सॅन दिएगोला पोहोचली आणि नंतर पनामा कालव्यातून अटलांटिकमध्ये आली. १९१८ चा पूर्वार्ध अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर आणि कॅरिबियनमध्ये गेला. वीस वर्षांपूर्वी याच पाण्यात ती अमेरिकन नाकेबंदीकडे परवानगी मागत फिरली होती.

१९ जून १९१८ ला ती न्यूयॉर्कहून की वेस्टकडे निघाली. किनाऱ्यावर जर्मन पाणबुडीची धास्ती होती. 'यू-१५१' ने त्याच महिन्यात तिथे जहाजं बुडवली होती. २१ जूनला पहाटे पावणेपाचच्या सुमाराला, उत्तर कॅरोलायनाच्या केप लुकआउटजवळ, 'फ्लोरिडा' नावाचं व्यापारी जहाज उजव्या बाजूने तिच्यावर आदळलं. कोळशाची कोठी फोडून धक्का पुढच्या बॉयलरखान्यापर्यंत गेला. एक खलाशी ठार, बारा जखमी. तीन तासांनी ती बुडाली. आज ती साधारण ११० फूट पाण्याखाली आहे आणि डायव्हर तिथे जातात.

'बुसार्ड' वर्गातलं एकही जहाज शत्रूच्या तोफांनी गेलं नाही. 'बुसार्ड' आणि 'फाल्के' महायुद्धाआधीच भंगारात निघाल्या. मूळ 'कोर्मोरान' सप्टेंबर १९१४ मध्ये त्सिंगताओला जर्मनांनी स्वतःच बुडवली. तिच्या तोफा आणि नाव पकडलेल्या एका रशियन जहाजाला दिलं गेलं, आणि ग्वामला उडवलं ते हेच. 'झेआडलर'वर सुरुंग साठवले होते, ती १९१७ मध्ये अपघाती स्फोटाने गेली. 'कोंडोर' १९२१ पर्यंत टिकून हॅम्बुर्गमध्ये मोडीत निघाली. आणि 'लॉकसुन'? तिलाही अमेरिकन नौदलाने घेतलं, 'गल्फपोर्ट' असं नाव दिलं आणि मालवाहू जहाज म्हणून वापरलं.